इवानागांचं घर कुठं आहे हो?

आमचे हे न्हाव्याकडे जातानासुद्धा फोन हातात धरून जातात. कुसानो न्हावी आमच्या पायऱ्यांच्या तळाशी राहतो. ह्यांचं जावळ त्याच्या बापानेच काढलं. घरातून निघायचं, पायऱ्या उतरायच्या, पायऱ्या संपल्या की कुसानोचं दुकान. आंधळ्यालाही चुकायचं नाही. पण हे दारात उभे राहणार, फोनवर बोट फिरवणार आणि निळा ठिपका हलल्याशिवाय पाऊल उचलणार नाहीत. मी स्वयंपाकघरातून विचारते, अहो, कुसानो काय दुकान उचलून पळून गेला का? तर म्हणतात, एकदा बघून घेतलेलं बरं असतं.

मी रित्सुको. लग्न होऊन नागासाकीच्या ह्या उतारावर आले तेव्हा आमचे हे, म्हणजे कानेयुकी इवानागा, असे नव्हते. ते मी शपथेवर सांगेन.

आमच्याकडे रस्ता म्हणजे पायऱ्या. गाडी खालच्या ट्रामच्या रस्त्यापर्यंत येते, पुढचं सगळं गुडघ्यांवर. घराच्या डोक्यावर घर, त्याच्या डोक्यावर कुणाच्या तरी कबरी, कबरींच्या वर परत घर. आणि फोनला चढउतार कळत नाही. त्याच्या लेखी सगळं गाव पोळपाटासारखं सपाट. तो म्हणतो शेजारचं घर, आणि ते असतं तुमच्या छपराच्या वर नाहीतर पायांखाली.

मागच्या वर्षी ह्यांच्या कारखान्यातले जुने साहेब वारले. आम्ही काळे कपडे घालून भेटायला निघालो. खाली एक बाई झाडत होती, तिला विचारलं असतं तर तिने झाडूनेच घर दाखवलं असतं. पण छे. हे पुढे, फोन ह्यांच्या पुढे, मी मागे धापा टाकत. चढून चढून फोन म्हणाला, पोहोचलात. आम्ही एका परक्या खानदानाच्या कबरीपुढे उभे होतो. खाली वाकून पाहिलं तर साहेबांच्या घराचं छप्पर दिसत होतं आणि उदबत्तीचा वास वर येत होता. मी म्हटलं, आता काय, कौलं काढून आत उतरायचं? हे मान हलवून म्हणाले, फोन तर बरोबर दाखवतोय.

हे असे का झाले ते सांगायचं तर सासूबाईंपासून सुरुवात करायला हवी.

सासूबाई, सुए त्यांचं नाव, मूळच्या गोतो बेटांवरच्या. त्यांच्या गावात रस्ता एकच, एका टोकाला धक्का आणि दुसऱ्या टोकाला शाळा. चुकायला जागाच नाही. तिथून त्या लग्न होऊन ह्या पायऱ्यांच्या जंजाळात आल्या, आणि पहिल्याच दिवशी टोफू आणायला गेल्या त्या परत येईनात. शेवटी टोफूवालीच त्यांना हाताला धरून घेऊन आली. त्या दिवसापासून सासूबाईंनी एकच युक्ती धरली. भेटेल त्याला विचारायचं, "इवानागांचं घर कुठं आहे हो?"

नवी नवरी विचारते ते ठीक. पण बाई मुलगा झाल्यावरही विचारतच राहिल्या, मुलगा कामाला लागला तरी विचारत राहिल्या. रस्ते लक्षात ठेवायचे असतात हे त्यांच्या गावीच नव्हतं. माणसं आहेत ना सांगायला, मग डोकं कशाला शिणवायचं, असा हिशेब. स्वतःच्या घराच्या खाली उभ्या राहून विचारायच्या. लोकही गंमत करायचे, गंभीर चेहऱ्याने सांगायचे की इवानागा होय, त्या घरातली सून फार बडबडी आहे हं, जपून जा. सासूबाई हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे रताळ्याची मोची घेऊन जायच्या. बेटावरची कृती, चिकट तांदळाचे जाडजूड गोड गोळे. मोचीबरोबर गप्पा आल्याच. त्यामुळे कुणाची सून गरोदर आहे, कुणाचं छप्पर गळतंय, कुणाचा मुलगा घर सोडून गेला, सगळं त्यांना ठाऊक. सासरे अबोल माणूस होते, त्यांना ओळखणारे मोजके. तरी ते गेले तेव्हा आमच्या पायऱ्यांवर माणसांची रांग लागली होती. ती सगळी रस्ता सांगणारी माणसं होती.

ह्यांना मात्र ह्याची लाज वाटायची. सासरे मुद्दाम ह्यांना आईबरोबर पाठवायचे, आईला वाट दाखव म्हणून. ह्यांना प्रत्येक पायरी पाठ. हे आईची बाही ओढायचे, आई मला माहीत आहे, नको ना विचारू. आणि ती माउली म्हणायची, "विचार की, लाज कसली?" आणि विचारायचीच. मग अर्धा तास गप्पा, आणि हे मुळ्यांची जुडी घेऊन रस्त्यात उभे. वर्गातली पोरं जाता-येता चिडवायची, कानेयुकी, तुझं घर सापडलं का रे? बहुतेक तेव्हाच ह्यांनी मनाशी ठरवलं की मी मरेन पण कुणाला रस्ता विचारणार नाही. आमच्या लग्नानंतर बेप्पूला गेलो होतो, तिथे माझ्या टाचा सोलून निघाल्या, पण ह्यांनी तोंड उघडलं नाही. पण तेव्हा निदान मान वर करून बघायचे. समुद्र कुठल्या बाजूला, ऊन कुठून येतंय, मघाची ती कारखान्याची चिमणी आता कुठे गेली. उशिरा का होईना, आणायचे बरोबर. तेव्हा मला त्याचं कौतुकही होतं.

मग हे निवृत्त झाले आणि आमच्या लेकीने, चिहारूने, फुकुओकाहून हा फोन पाठवला. ह्यांना स्वर्गच सापडला. रस्ताही कळतो आणि कुणाचं तोंडही बघावं लागत नाही. आधी परगावी जाताना वापरला, मग गावात, मग दवाखान्यात जाताना, मग भाजीला. हळूहळू मान खाली गेली ती गेलीच. एकदा खरेदी करून परत येत होतो. मी सहज विचारलं, अहो, समुद्र कुठे? आमच्या गावात हा प्रश्न म्हणजे, तुमचे पाय कुठे असं विचारण्यासारखं आहे. सगळं गाव समुद्राकडेच घसरतंय. कांदा हातातून सुटला तरी तो समुद्राकडे जातो. तर हे थांबले आणि खिशात हात घातला.

मला एवढा राग आला की पिशव्या तिथेच ठेवून मी पुढे निघून आले. चिहारूला फोन केला तर ती म्हणाली, आई, सगळ्यांचंच असं झालंय, मलासुद्धा माझ्या ऑफिसचा रस्ता तोंडी सांगता येणार नाही. मी म्हटलं, मग साथच आहे म्हणायची.

अशात सासूबाईंना विसर पडायला लागला. आणि आमच्या नशिबाची थट्टा बघा, ते कितीतरी दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. जी बाई जन्मभर स्वतःच्या घराचा रस्ता विचारत आली, तिने आजही विचारला तर कुणाला काय वाटणार? मला कळलं ते एका सकाळी. मी सूप वाढत होते. सासूबाई चटईवर बसल्या होत्या, आपल्याच घरात, आपल्याच वाडग्यासमोर. माझ्याकडे बघून अगदी नम्रपणे म्हणाल्या, बाई, इवानागांचं घर कुठं आहे हो? माझ्या हातातला डाव खाली पडला.

त्यानंतर त्या बाहेर पडायला लागल्या. मी मासळीच्या वड्यांच्या दुकानात कामाला जाते, दिवसभर घरी नसते. तरी तसं काही अडलं नाही, कारण त्या जायच्या तिथे विचारायच्या, आणि विचारलं की कुणीतरी आणून सोडायचं. कधी टोफूवाल्या मात्सुझोए-सान, कधी कुसानो वस्तरा तसाच हातात घेऊन. चहा व्हायचा, हसणं व्हायचं. मला वाटत होतं, आयुष्यभराच्या मोच्या बाई आता वसूल करतायत.

पण ह्यांना ते झोंबायला लागलं. लोकांना किती त्रास, लोक काय म्हणत असतील, हेच पालुपद. आणि एक दिवस हे बूट घेऊन आले. म्हाताऱ्यांसाठी खास मिळतात, मऊ, जांभळ्या रंगाचे, आणि टाचेत एक यंत्र. ते घालून माणूस जिथे जाईल तिथे फोनवर ठिपका जातो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मलाही बरं वाटलं. सासूबाई एकदा चुकून ट्राममध्ये बसल्या आणि पार शेवटच्या थांब्याला उतरल्या, तेव्हा त्या ठिपक्यामुळेच सापडल्या. त्या दिवशी मी त्या बुटांना हात जोडले.

पण मग ह्यांनी जे केलं ते फक्त आमच्याच गावचा माणूस करू शकतो. सूट घातला, टाय बांधला, दुकानातून कासुतेरा केकचे डबे आणले, छान कागदात बांधून घेतले आणि उतारावरच्या एकेका घरी गेले. दारात कमरेत वाकून म्हणाले, आजवर आईचा फार त्रास झाला, माफ करा. आता ती कुठे आहे ते आम्हाला फोनवर दिसतं. तिने रस्ता विचारला तरी आपण तसदी घेऊ नये. फक्त म्हणावं, मुलगा येतोय.

मी नको नको म्हटलं होतं. म्हटलं, अहो, त्रास कसला, त्यांना सवय आहे, उलट त्यांना वाईट वाटेल. तर मलाच ऐकवलं की तुला जनरीत कळत नाही. आता आमच्याकडे एखाद्याने सूट घालून, वाकून, कासुतेरा हातात ठेवून काही मागितलं की तो शब्द मोडता येत नाही. डबा घेतला म्हणजे घेतला. सगळ्यांनी डबा घेतला.

काही दिवसांनी मी कामावरून येताना सासूबाई टोफूच्या दुकानासमोर उभ्या दिसल्या. मी खालीच होते, हाक पोहोचेल इतक्या अंतरावर. त्यांनी मात्सुझोए-सानना विचारलं, इवानागांचं घर कुठं आहे हो? मात्सुझोए-सान हसल्या, वाकल्या, म्हणाल्या, मुलगा येतोय हं सुए-सान, आणि आत निघून गेल्या. त्याच मात्सुझोए-सान, ज्यांच्या आईने सासूबाईंना पहिल्या दिवशी हाताला धरून आणलं होतं. सासूबाई रिकाम्या दाराकडे बघत राहिल्या. आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या मागोमाग संताप. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणतात, बघ, किती छान चाललंय सगळं.

आणि ह्यांचं चाललं होतं खरंच छान. आई बाहेर गेली की हे खाली शेगडी आणि वर पांघरूण असलेल्या मेजात पाय घालून बसायचे, समोर संत्री, हातात फोन. ठिपका हलला की म्हणायचे, आई निघाली. थांबला की, आई विसावली. मी म्हणायचे, अहो, एवढं बघताय तर बरोबर जा ना, चार पावलं तुम्हीही चालाल. तर म्हणायचे, मी आईकडेच तर बघतोय.

डिसेंबरची गोष्ट. दिवसभर बारीक पाऊस, दुपारपासूनच अंधारल्यासारखं. मी कामावरून आले तर हे मेजात, संत्र्यांच्या सालींचा ढीग. सासूबाई कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, देवळात, आज बायकांचं प्रवचन आहे ना. मी म्हटलं, केव्हापासून? म्हणाले, दुपारपासून. मी विचारलं, ठिपका मध्ये हलला का? म्हणाले, "अजिबात नाही. किती शांत बसली आहे बघ."

सासूबाई उभ्या जन्मात कुठे एका जागी शांत बसल्या नव्हत्या. मी कोट काढलाच नव्हता, तशीच खाली पळाले. हे मागून ओरडत होते की अगं ती तिथेच आहे.

बूट तिथे होते. देवळाच्या दारात, बुटांच्या फळीवर, टोकं बाहेरच्या बाजूला करून कुणीतरी नीट लावून ठेवलेले. मऊ, जांभळे. देवळात शिरताना बूट काढायचे असतात हे काय कुणी शिकवायला हवं? लहान पोरालाही कळतं. पण ते यंत्र आणताना आणि महिनोन् महिने त्या ठिपक्याकडे बघताना हे एकदाही ह्यांच्या डोक्यात आलं नाही. आता कशाला लपवू, माझ्याही आलं नाही. भटजींच्या पत्नी एप्रनला हात पुसत बाहेर आल्या. प्रवचन केव्हाच संपलं होतं, सुए-सान सगळ्यांबरोबर निघाल्या होत्या. बागेतल्या लाकडी वहाणा दिसत नव्हत्या, म्हणजे त्याच घालून गेल्या असणार. बूट राहिलेत हे त्यांनी पाहिलं होतं. "पण तुम्हाला दिसतंच फोनवर," त्या खाली बघत म्हणाल्या, "म्हणून मी काही केलं नाही."

तोवर हेही मागोमाग येऊन पोहोचले होते. ह्यांच्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात आईचे बूट. फोनवर आई आणि मुलगा एकाच जागी उभे होते. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखते, पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

पोलीसचौकीत गेलो. तिथला तरुण पोलीस चांगला होता, त्याने सगळं नीट विचारलं. उंची, कपडे, पायांत काय. मग म्हणाला, एरवी त्या कुठल्या रस्त्याने फिरतात? ह्यांनी हवेत बोट फिरवलं. वर जाते, म्हणाले. मग उजवीकडे. मग तो गोल जिना… नाही, तो फोनवर गोल दिसतो. महिनोन् महिने आईला बघत बसलेल्या माणसाला तिच्या वाटेवरचं एक झाड सांगता येईना, एक दार सांगता येईना. पोलीस म्हणाला, आम्ही शोधायला लागतो, पण एकाने घरी थांबा, त्या आपल्या आपण आल्या तर दार उघडायला कुणीतरी हवं.

परत येताना टोफूच्या दुकानात गेलो. मात्सुझोए-सान फळ्या लावत होत्या. सासूबाई आल्या होत्या, म्हणाल्या. दोनदा. मोठ्या वहाणा घालून, पाय ओढत, केस भिजलेले. दोन्ही वेळा विचारलं, इवानागांचं घर कुठं आहे हो?

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी म्हटलं, मुलगा येतोय." त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागल्या. "तुम्हीच सांगितलं होतं ना, कानेयुकी-सान. मला इतकं वाटत होतं की हात धरून वर नेऊन सोडावं. पण तुम्ही सूट घालून आला होतात."

त्या बाईला मी काय बोलणार? मी ह्यांच्याकडे वळले. अंगाची लाही लाही होत होती, पाऊस मानेवरून आत जात होता, आणि कुठेतरी शहाऐंशी वर्षांची म्हातारी परक्याच्या वहाणा घालून ओल्या पायऱ्या चढत होती. एकदा पाय घसरला की संपलं. हे अजूनही फोनकडे बघत होते, जणू दुसरा ठिपका उगवेल.

"अहो, ठेवा तो आत," मी म्हटलं. "आता दारं वाजवा. ती ज्याला ज्याला विचारत गेली, त्याला त्याला विचारा."

"काय विचारू?"

"ती जे विचारते तेच. तोंड आहे ना तुम्हाला?"

ह्यांनी आईचे बूट कोटाच्या आत घातले आणि कुसानोच्या दुकानाकडे गेले. मला वर जायचंच होतं, सासूबाई घरी आल्या तर दार उघडायला कुणीतरी हवं होतं. अर्ध्या पायऱ्यांवर मागे वळून पाहिलं तर हे कुसानोच्या दारासमोर हात वर करून उभे होते. ठोठावत नव्हते, नुसता हात वर.

घरी येऊन मी न्हाणीत पाणी तापत ठेवलं, शेगडी पेटवली, टॉवेल काढले, आणि मग काही करायला उरलं नाही तेव्हा फेऱ्या मारायला लागले. सासूबाईंवर मी किती वैतागले असेन ह्या इतक्या वर्षांत. दहा मिनिटांच्या कामाला दोन तास लावतात म्हणून, घरात सतत कुणी ना कुणी चहाला बसलेलं म्हणून. आता कुणीतरी त्यांना घेऊन दारात उभं राहावं, अख्खी गल्ली चहाला आली तरी चालेल, असं वाटत होतं. उतारावर नेहमीसारखे दिवे लागले होते. एकेका दिव्यामागे कासुतेराचा डबा खाल्लेलं माणूस बसलं होतं.

नंतर कळलं की ह्यांनी दारं वाजवली. कुसानो म्हणाला, आल्या होत्या, वरच्या वळणाकडे गेल्या. वळणावरच्या म्हातारबुवांनी सांगितलं, विहिरीकडे. विहिरीजवळच्या सुनेने सांगितलं, बांबूच्या गल्लीत. सगळ्यांनी सासूबाईंना पाहिलं होतं, सगळ्यांना त्यांनी विचारलं होतं, आणि सगळ्यांनी वाकून तेच उत्तर दिलं होतं. मुलगा येतोय.

वाफेने स्वयंपाकघराची काच धुरकटली होती म्हणून मी खिडकी उघडली. आमच्या खिडकीच्या बरोबर खाली एक रिकामं घर आहे. मालकीण वारली, मुलं ओसाकाला असतात, अंगणात बांबू माजलाय. तिथे जायचं तर आमच्या पुढच्या पायऱ्यांवरून जाता येत नाही, पलीकडच्या गल्लीतून आत यावं लागतं. त्या बांबूत मला निळसर उजेड हलताना दिसला. आणि मग आवाज आला.

"इवानागांचं घर कुठं आहे हो?"

मी खिडकीची चौकट धरली. सासूबाई त्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या, एक वहाण पायांत, एक बाजूला. आमच्या घराच्या पायथ्याशी, आमच्याच सांडपाण्याचा आवाज ऐकत, देव जाणे केव्हापासून. समोर हे उभे होते.

"आई, मी आहे," हे म्हणाले.

"हो का," सासूबाई म्हणाल्या. "पण इवानागांचं घर?"

ह्यांनी कोट काढून त्यांच्या अंगावर घातला, खाली बसून त्यांच्या पायांत बूट चढवले. मग उठले, आणि फोन तोंडासमोर धरला. मला वरून तो पडदाही दिसत होता. फोन म्हणत होता की तुम्ही पोहोचलात. घर इथेच आहे. हे डावीकडे वळले, उजवीकडे वळले, परत डावीकडे. तिथून दोन जिने निघतात. उजवीकडचा कबरींकडे जातो. डावीकडचा बांबूच्या मागून आमच्या मागच्या दाराशी येतो. त्याच जिन्यावरून हे लहानपणी फळकुटावर बसून घसरायचे आणि चड्ड्या फाडायचे. लग्नानंतर मला हौसेने दाखवला होता.

मला ओरडायचं होतं. पण मला ऐकायचंही होतं. म्हणून मी खिडकीतच थांबले.

सासूबाईंनी बराच वेळ ह्यांचं ते गोल गोल फिरणं पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाल्या, "हा इथला दिसत नाही." आणि मान वर केली. "अरे, तिथे वर दिवा आहे बघ. त्या बाईंना विचार की, लाज कसली?"

ह्यांनी वर पाहिलं. माझ्या पाठीमागे दिवा होता, चेहरा दिसत नसणार. पावसाचे थेंब ह्यांच्या कपाळावरून ओघळत होते. हे जरा वाकले, जसं परक्या दारी वाकतात तसं.

"माफ करा," हे म्हणाले. "इवानागांचं घर कुठं आहे हो?"

"डावीकडचा जिना," मी म्हटलं. "बांबूच्या मागून. हळू या, पायऱ्या ओल्या आहेत."

"आभारी आहे," म्हणून हे परत वाकले, आणि वाकलेले तसेच थांबले. वर बघायला ह्यांना फार वेळ लागला.

"उद्या मोची घेऊन येते हं, बाई," सासूबाई खालून म्हणाल्या.

मी म्हटलं, या. आणि मागचं दार उघडायला गेले.